शेवटचा परिच्छेद

सुदामा नगरहून निघालेल्या सिटी बसमध्ये शेजारच्या पन्नाशीच्या बाई पेनाचं टोपण दातांत धरून स्वतःचा निबंध तपासत होत्या. एम.ए.साठी आज तो सरांकडे जमा करायचा होता. डोकावून पाहिलं, तर सुरुवातीला कादंबरीतल्या नायिकेच्या त्यागाचं कौतुक होतं आणि शेवटी सवाल, की तिने घर का सोडलं नाही?

मला राहवलं नाही. "पहिल्या ओळीतच आग हवी!"

"मागच्या साली तेच केलं, भिया. सरांनी पुढे वाचलंच नाही, सीधं फेल. आता आधी त्यांना बसवते, चहापाणी विचारते, मग सुनावते."

मोर्च्यांसाठी इतकी पत्रकं लिहिली, पण वाचणाऱ्याला आधी बसवावं हे मला कधी सुचलं नव्हतं.

"आणि शेवट वाचून फेल केलं तर?"

"करू द्या. शेवटही त्यांच्याच मनाचा लिहिला, तर मी शिकतेय कशाला?"