लुईझा आंटीचं पाणी

खारी गावच्या सुचेता गोडांबेला कुणी कामचुकार म्हटलं असतं, तर तिने त्याची पुरती खरडपट्टी काढली असती. अठरा वर्षं एका संशोधन लॅबमध्ये टेक्निशियन आहे बाई! ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठतं. हॉस्पिटलात ते काढतात, आणि पेशंटने संमतीची सही दिली तर त्यातली एक बाटली सुचेताच्या टेबलावर येते. त्या पाण्यात सूज वाढवणारी प्रोटिनं खच्चून भरलेली. ती सोडतं कोण? कॅन्सरच्या पेशी, की त्यांच्याभोवती जमलेल्या शरीराच्याच रक्षक पेशी? घरभर धूर झालाय, पण चूल कुठल्या खोलीत पेटलीय, एवढाच काय तो लॅबचा प्रश्न. त्यासाठी दोन-तीन तासांत, जिवंत असतानाच, पेशी वेगवेगळ्या कराव्या लागतात. मेल्या की त्या आतलं सगळं सांडून टाकतात. मग कुणाचं काय, कपाळ कळणार!

चौक गावच्या लुईझा आंटींची बाटली गुरुवारी तीन वाजता आली. संध्याकाळी सोसायटीत हळदीकुंकू होतं आणि नवी साडी नेसायची होती. बाटली टेबलावर ठेवून बाईसाहेब निघाल्या. शुक्रवारी सकाळी पेशी वेगळ्या केल्या आणि फॉर्मवर बिनदिक्कत लिहिलं, गुरुवार, दुपारी चार.

विसरूनही गेली असती ती. पण पुढच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या आंटींनी हॉस्पिटलच्या बाकावरून हाक मारली.

“काय गो बाय, माज्या पान्यात काय गावलं?”

सही घेताना सुचेतानेच तर सगळं समजावलं होतं! आता जीभ चाचरली. “खूप काही, आंटी. फार कामाचं निघालं.”

आंटींचा सुकलेला चेहरा असा फुलला, की सुचेताला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. वर आंटींनी पिशवीतून सुक्या बोंबलांची पुडी काढून तिच्या हातात कोंबली.

ते बोंबील तिने शिजवले नाहीत, डब्यात भरून ठेवले. डबा उघडला की वास यायचा, आणि वासापाठोपाठ शरम. दोन आठवड्यांनी मीटिंगमध्ये लॅबचे प्रमुख निहार सर म्हणाले, “या पेशंटच्या दोन्ही प्रकारच्या पेशींत प्रोटीन सारखंच दिसतंय. इंटरेस्टिंग आहे.” मेलेल्या पेशींचा चिखल होता तो, आणि सर त्यावर पुढचं काम आखत होते! सगळे गेल्यावर तिने खरं सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी तक्त्यातली आंटींच्या नमुन्याची ओळ खोडली आणि मान वर न करता विचारलं, “पेशंटला काय सांगणार?”

रविवारी ती उत्तनच्या बसने चौकला उतरली. आंटी दारातच बसल्या होत्या. उभ्या उभ्याच तिने सांगून टाकलं. “मी खोटं बोलले, आंटी. तुमचं पाणी माझ्यामुळे वाया गेलं. हळदीकुंकवासाठी.” आणि तिला रडूच फुटलं.

आंटी म्हणाल्या, “मी सगल्या गावाला सांगून बसली गो. चर्चमदी पन.”

सुचेताला वर बघवेना. आंटींनी तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. महिन्यापूर्वी रिकामं केलेलं पोट पुन्हा टम्म भरलं होतं.

“बुधवारी काढनार हायत,” त्या म्हणाल्या. “या टायमाला येळ लावू नको, बाय.”