छतातले छत्तीस चटके

मुरबे गावात चंद्रकांताच्या जिभेला सगळे वचकून असत. तीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकलेली बाई. एखाद्या गिऱ्हाइकानं पापलेटाचा कल्ला उचकून तिसऱ्यांदा नाकाला लावला की ती शांतपणे विचारायची, "नाक घरचंच हाय का उसनं आणलंस?" गिऱ्हाईक ओशाळायचं आणि मासा घेऊन जायचं. नवरा गेल्यावर तिनं याच जिभेच्या आणि पाटीच्या जोरावर विपुलला शिकवलं. तो तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला, तेव्हा गावभर पेढे वाटले आणि वाटता वाटता म्हणाली, "आता हा कागदावर सह्या करणार. मासा साफ करायला सांगितला तर रडंल."

विपुलनं जुन्या घराच्या जागी नवं घर बांधलं. आतलं काम बोईसरच्या दर्पणला दिलं. दर्पण म्हणजे इंटीरियरवाला. डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, हातात टॅब आणि तोंडात 'लूक' हा एकच शब्द. त्यानं हॉलला आणि दोन्ही खोल्यांना पीओपीचं खोटं छत मारलं, आणि त्यात भोकं पाडून छत्तीस हॅलोजन बसवले.

"हॉटेलसारखा लूक येईल, मावशी," तो म्हणाला.

"हाटेलात माणसं जेवतात नि घरी जातात. आमी जेवून कुटं जायाचं?"

दर्पण हसला. मोठ्या गिऱ्हाइकांच्या आयांकडे पाहून हसायचं असतं, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. चंद्रकांताला ते हसू शिळ्या मांदेलीसारखं वाटलं, वरून चकचकीत आणि पोटातून गेलेलं.

तिच्या तिरस्काराला कारण होतं. बाजारात तिच्या शेजारच्या ओट्यावर एकानं एकदा हॅलोजन टांगला होता. मासळी सोन्यासारखी झळकायची, पण दिवे लागल्यापासून बाजार उठेपर्यंत त्याचं बर्फ दुप्पट वितळायचं आणि पापलेटाचे डोळे पांढरे पडायचे. तेव्हापासून चंद्रकांताच्या ओट्यावर साधा एलईडी होता. जो दिवा मासा शिजवतो, तो माणसाला काय सोडणार आहे, असा तिचा सरळ हिशेब होता. पण तिचं घरात ऐकतो कोण? सून हिमानी तर त्या दिव्यांवर खूश होती. त्यांच्याखाली फोटो छान यायचे. पाहुणे आले की छत्तीसच्या छत्तीस लागायचे, पंखा वरची धग खाली ढकलायचा, आणि पाहुणे कपाळ पुसत म्हणायचे, "वा, काय मस्त केलंय." चंद्रकांता मागच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली बसून पाहुण्यांची कीव करायची.

वर त्या दिव्यांचं आयुष्य म्हणजे चतुर्थीपासून एकादशीपर्यंत. आज हा गेला, उद्या तो. सुपरवायझरसाहेब स्टुलावर चढून दिवे बदलायचे आणि बोटं भाजली की फुंकायचे. हे नऊ वर्षं चाललं. दहाव्या वर्षी चंद्रकांतानं ठरवलं की आता आपणच हे घर सुधारायचं.

बोईसरहून तिनं सहा एलईडी आणले. जुन्या दिव्यांसारखेच, मागे दोन काड्या असलेले. त्याच दिवशी पंखा दुरुस्त करायला जवळच्या पाम गावचा वायरमन विश्राम आला होता. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं डबी उलटून पाहिली.

"वहिनी, हे बसतील, पण चालणार नाय. वर प्रत्येक दिव्यामागं वीज कमी करणारी एक पेटी हाय. ती जास्त वीज खाणाऱ्या दिव्यासाठी केलेली. ह्या दिव्याचं खाणं इतकं कमी की पेटीला कळतच नाय दिवा लागलाय म्हणून. पेटी काढून ह्या दिव्यांच्या बारक्या पेट्या, ड्रायव्हर म्हणतात त्यांना, त्या घालायला लागतील. आणि एकदा वर बगून घेतो मी, इतकी वर्षं जाली."

"दिव्याला डायवर?" चंद्रकांता म्हणाली. "मग कंडक्टरपण घाल. आमाला येडं समजतोस? काड्या तिकडं दोन, इकडं दोन. जा, पंख्याचे घे नि जा."

विश्राम पिशवी उचलून गेला.

संध्याकाळी विपुलनं सहा दिवे बसवले आणि बटण दाबलं. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले, आणि दारू प्यायल्यासारखे लुकलुकत राहिले. छतातून माशी अडकल्यासारखी गुणगुण येऊ लागली. हिमानीला हसू आवरेना. विपुलही हसला. "आई, तुझे दिवे डोळा मारतायत बघ."

आयुष्यभर दुसऱ्यांना हसवून लाजवलेली बाई स्वतः हसण्याचा विषय झाली की तिला ते पचत नाही. चंद्रकांतानं ते सहा दिवे काढायला लावले आणि आपल्या ट्रंकेत टाकले. पुढे बाजारात विश्राम दिसला की ती मान वळवून गिऱ्हाइकाशी बोलायची. तो बरोबर होता, हा त्याचा अपराध.

त्या वर्षीच्या गणपतीत हिमानीनं हॉलमध्ये मखर केलं आणि सकाळपासून सगळे दिवे चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते बंद झाले नव्हते. जास्वंदीचे हार चामड्यासारखे वळले होते. आरतीला वीस-पंचवीस माणसं जमली. त्यात दर्पणही होता. पाहुण्यांना छत दाखवत, "हे आपलंच काम," असं हळूच सांगत फिरत होता.

चंद्रकांता प्रसादाचं ताट घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. मासा सकाळचा की कालचा हे चार हातांवरून वासानं सांगणारं ते नाक होतं.

"काय जळतंय?"

"धूप आहे, आई," हिमानी म्हणाली.

"धुपाचा नाय. लाकडाचा हाय. नि त्यात पिलास्टिक."

"मावशी, दिव्यांना थोडा वास येतोच," दर्पण म्हणाला. "नवीन असले की."

"दहा वर्षं जाली तुज्या नव्या दिव्यांना. पोर असती तर शाळेत चौथीला असती."

कोणी तरी हसलं. आरतीचं पुस्तक पुन्हा उघडलं गेलं. चंद्रकांतानं ताट तिथंच खाली ठेवलं, सरळ दारामागच्या बोर्डाकडे गेली आणि मेन बटण खाली ओढलं. हॉल अंधारला, पंखे मंदावले. विपुल चिडून पुढं आला. "आई, पाहुण्यांसमोर काय हे?"

"पाहुण्यांना अंगणात बसव. बाप्पालापण उजेडाची घाई नाय. विश्रामला फोन लाव."

हे सांगताना तिचा जीव किती आंबट झाला असेल ते तिलाच ठाऊक. पण तिनं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

पामहून यायला विश्रामला अर्धा तास लागला. माणसं अंगणात, ओट्यावर बसून होती. त्यानं शिडी लावली, मखराच्या वरचा दिवा खाली ओढला आणि भोकात बॅटरी मारली. मग विपुलला वर बोलावलं. विपुल शिडी चढला आणि बराच वेळ उतरला नाही.

दिव्याला धरून ठेवणारी प्लायची पट्टी कोळशासारखी काळी झाली होती. एका कडेला अजून धुगधुगी होती. वायरीवरचं रबर बोट लावताच भुगा होऊन गळलं. विश्रामनं पाणी मागवून पट्टी विझवली आणि दुसरा दिवा काढला. तिथंही तेच. तिसऱ्यात लाकूड नुसतं तपकिरी होतं. एवढ्या उष्ण दिव्याला वर हवा लागते, भोवती जागा लागते. दर्पणनं उंची वाचवायला खोटं छत स्लॅबला जवळजवळ चिकटवलं होतं आणि पेट्या प्लायवरच ठोकल्या होत्या.

"वायरिंग लोकल माणसाचं असणार," दर्पण म्हणाला.

"वायरिंग तुज्याच माणसाचं," चंद्रकांता म्हणाली. "तू लोकल नायस तर काय इमानातून पडलास?"

दर्पणला एकदम दुसऱ्या साइटची आठवण झाली. प्रसाद न घेताच तो निघाला. कुणी त्याला थांबवलं नाही.

चंद्रकांता शिडीपाशी उभी राहिली. आता विश्राम बोलणार, हे ती धरूनच होती. त्याच्या जागी ती असती तर तिनं कातडं सोलून मीठ भरलं असतं. विश्राम शिडी घडी करत म्हणाला, "चूक माजी हाय, वहिनी. त्याच दिवशी वर बगायला हवं होतं. तुमी हाकललंत नि मी गेलो. कामाच्या माणसानं रागावून जायचं नसतं."

तिनं आत जाऊन त्याच्यासाठी पान वाढलं आणि स्वतः समोर बसली. भात वाढता वाढता म्हणाली, "ते डायवरचं काय म्हणत होतास?"

विसर्जनानंतर काम लागलं. विश्रामनं सगळ्या पेट्या आणि जळकी पट्टी काढली, वायर नवी ओढली. छत्तीस भोकांपैकी वीस बुजवली. "एवढी कशाला पाडली होती?" असं त्यानं एकदाच विचारलं. विपुल म्हणाला, "दर्पण म्हणाला म्हणून." आई शेजारीच होती. तिनं मुलाकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं त्याला चार शिव्यांपेक्षा जड गेलं.

दिव्याचा रंग कोणता घ्यायचा यावर हिमानी आणि विपुल यांचं जमेना. चंद्रकांतानं दोन्ही रंगांचे एलईडी लावायला सांगितले आणि टोपलीतलं एक ताजं पापलेट आणून त्यांच्याखाली धरलं. पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली मासा दोन दिवसांचा मेलेला दिसला. पिवळसर दिव्याखाली तो होता तसा दिसला. "हा घ्या," ती म्हणाली. "त्या दुसऱ्याखाली मीपण मेलेली दिसंन." हिमानीनं मुकाट्यानं पिवळसर घेतले. दिवाळीपर्यंत एकही दिवा गेला नाही आणि हॉलमध्ये पंख्याखाली बसवू लागलं. चंद्रकांता मात्र म्हणायची, "उजेड बरा हाय. अक्कल उशिरा आली एवढंच."

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी हिमानी कपाट आवरता आवरता सहज बोलून गेली की एडवणला तिच्या भावाचं, मेहुलचं घरही दर्पणनंच केलंय. तसंच छत, तसेच दिवे.

"नि तू आता सांगतेस?"

"मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे काही होत नाही."

एडवणच्या घरी चंद्रकांतानं विपुल-हिमानीच्या लग्नानंतर पाऊल टाकलं नव्हतं. लग्नातल्या कालवणाला तिनं भर पंगतीत "खाडीचं पाणी" म्हटलं होतं, आणि मेहुलच्या आईनं, जयवंतीनं, ते मनात ठेवलं होतं. चूक कुणाची हे चंद्रकांताला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच ती गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजार बुडवला. पामच्या नाक्यावरून विश्रामला गाडीत घातलं आणि हिमानीला घेऊन एडवणला जाऊन उभी राहिली. दार जयवंतीनंच उघडलं.

"जयवंती, तुज्या कालवणाला मी बोलले ते वाईट बोलले," चंद्रकांता म्हणाली. "आता बाजूला हो. तुज्या घराला आग लागायच्या आधी ह्याला वर चढू दे."

मेहुल कुरकुरत होता. पहिला दिवा खाली आला तेव्हा लाकूड काळं नव्हतं, गडद तपकिरी होतं, आणि वायर वाळक्या काडीसारखी मोडली. मेहुलची कुरकूर थांबली. जयवंतीनं ती मोडलेली वायर हातात घेऊन पाहिली आणि आत जाऊन चहा टाकला.

चंद्रकांता त्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसली. एकेक दिवा खाली येत होता आणि ती प्रत्येकाला काही ना काही बोलत होती. दर्पणला, मेहुलला, फोटोला, हॉटेलला. विश्राम वरून एवढंच म्हणाला, "बोला, वहिनी, पण शिडी धरून बोला." तिनं उठून शिडी धरली.