बकेटीचा फण

सकाळपासून आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर रस्ता खणताहेत. कसली तरी केबल टाकायची आहे म्हणे. पिवळं यंत्र आपला लांब हात दुमडून-उलगडून निवांत काम करतंय आणि मी गॅलरीत उभा, हातातला चहा निवून गेलाय याचं भान मला नाही. आधी डांबर निघालं, मग खडी, मग तांबूस मुरूम. आणि साडेनवाच्या सुमाराला मुरुमाखालून तो वर आला, काळा, चकचकीत, बोट लावावं तिथं रुतेल असा मऊ गाळ. त्याच्यामागोमाग त्याचा वास. शेजारच्या वहिनींनी नाकाला ओढणी लावली, "गटार फुटलं वाटतं" म्हणाल्या आणि खिडकी ओढून घेतली. मी उलट छातीभर श्वास घेतला. कुजलेला पाला, ओलं मीठ आणि त्यात कुठंतरी गंजल्या लोखंडाची बारीक धार. तुम्ही कोपरखैरण्याला फार पूर्वी आला असाल तर तुम्हालाही हा वास ओळखता येईल. वर आपण कितीही टाइल्स बसवल्या तरी ही जमीन स्वतःशी असताना अशीच असते. बिचाऱ्या गटाराला उगाच बोल लागला.

मी इथं आलो तेव्हा नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं आणि हे उपनगर अजून अर्धं मातीत होतं. नंबर घातलेल्या खुंट्या, त्यांच्यामधून पळणारी सुतळी, अर्ध्यावर थांबलेल्या बिल्डिंगींच्या सळया, आणि सगळीकडे भरणीचा मुरूम. मी माणदेशातला. आठवीत वडिलांनी अंथरूण धरलं आणि माझी शाळा तिथंच थांबली. लिहिण्याचा नाद लागला तो फार पुढं, लेकीच्या वह्यांची कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून. गावाकडं ट्रॅक्टर चालवायला शिकलो होतो, त्या एका विद्येवर तेविसाव्या वर्षी इथल्या एका कंत्राटदाराकडं लागलो. त्याच्या ट्रॅक्टरला पुढं लोडर होता. ढिगाऱ्यातला मुरूम बकेटीत भरायचा, पुढं नेऊन ओतायचा, पसरायचा. स्वभावानं मी काळजीखोर. ब्रेक ओढून खाली उतरलो की पुन्हा वर चढून ब्रेक ओढलाय का बघायचो. झोपण्याआधी डिझेलच्या टाकीचं झाकण डोळ्यांपुढं यायचं. तिकडं गावात आई मात्र पाणवठ्यावर सांगत असायची, माझा लेक मशीनवर हाय, नोकरी पक्की हाय. ते 'पक्की' मीच पत्रात लिहिलं होतं, तिला बरं वाटावं म्हणून.

एका गुरुवारी शेठ साइटवर आले आणि सहज, म्हणजे हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "भरणी झाली. आता पाण्याच्या लाइनी टाकायच्या. चर मारायला मशीन भाड्यानं आणतो, हा ट्रॅक्टर विकून टाकू. तू गावाला जाऊन ये, लागलं तर बोलावतो." लागलं तर बोलावतो याचा अर्थ मला आठवीतही कळला असता. भीती माझ्या तोंडून भलतंच बोलली. "शेठ, चर आपल्याच ट्रॅक्टरनं मारतो की. बकेटला फण लावला की झालं."

"जमेल?"

"जमंल."

"सोमवारी सकाळी बघतो. नंतर टेन्शन देऊ नको मला."

लोडरची बकेट ही सुटी माती उचलायला केलेली असते. तिची धार सहा फूट रुंद. घट्ट जमिनीवर टेकवली की नुसती खरवडत जाते, आत शिरत नाही. माझ्या डोक्यात होती आमची पाभर. तुमच्यापैकी जे कोरडवाहू गावातले आहेत त्यांना ती सांगायला नको. पेरणीच्या त्या अवजाराला खाली दात असतात, ते जमीन फाडत जातात, त्यांना आम्ही फण म्हणतो. तसे तीन लोखंडी फण बकेटीच्या ओठाला जोडले की ती खणेल, असा माझा हिशेब.

वेल्डिंगचं दुकान गावठाणाच्या खाडीकडच्या टोकाला होतं. दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. मालक पन्नाशीचे, इथलेच, आगरी. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेलं घर. मिठागरं जाऊन तिथं प्लॉट पडले तेव्हा त्यांनी महाप्याच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकून घेतलं आणि नंतर हे दुकान टाकलं. हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, कमरेला लुंगी, आणि कुणाशीही बोलताना आधी एक चिमटा काढायचा ही रीत. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला घाट्या म्हणायचे.

"काका, बकेटला फण बसवून द्या."

"फन?" त्यांनी तोंडापुढची काच वर केली. "बकेटला? कनाला रं?"

"खणायला."

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बकेटीकडं. "घाटी लोकांची अक्कल भारी हाय. केवरा पायजे?"

मी हाताच्या कोपरावर बोट ठेवलं. एवढा. त्यांनी वायरच्या तुकड्यानं बकेटीच्या ओठाची जाडी घेतली, आयतवारी ये म्हणाले, आणि काच खाली ओढली. मला लगेच दुसरी खेप गाठायची होती. आपल्या भाषेत एक असला तरी फण आणि तीन असले तरी फणच, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

रविवारी दुपारी गेलो तेव्हा त्यांनी एका वस्तूवरचं पोतं ओढलं, मिठाईच्या दुकानदारानं परातीवरचं फडकं काढावं तशा तोऱ्यात. खाली नागाचा फणा होता. खरंच सांगतो. भंगारातल्या जुन्या टाकीच्या अंगाची जाड, मुळातच वळलेली प्लेट कापून केलेला, मानेशी अरुंद, पुढं पसरलेला, ओंजळीसारखा खोल. आणि टोकाला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची चोच. तो कडक पाटा जोडताना तडकू नये म्हणून आधी तापवून आणि मग रात्रभर राखेत पुरून निववलेला. मागं बकेटीचा ओठ धरणारे दोन जबडे आणि बोल्ट. इतकं देखणं काम, आणि माझ्या काही उपयोगाचं नाही.

"काका, हे काय?"

"फन."

"मी फण म्हणलो हुतो!"

"मंग ह्यो काय मुंगूस हाय?"

मी जमिनीवर बोटानं पाभर काढून दाखवली. त्यांनी ती निरखली, आणि मग त्यांना जे हसू सुटलं ते थांबेचना. इकडं भात, तो हातानं लावायचा. पाभर त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या बोलीत ण नाहीच, सगळा न, आणि त्यांना माहीत असलेला फन एकच, मिठागराच्या बांधावर उन्हाला येऊन बसणाऱ्या नागाचा. "आगो, भाएर ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "याला मातीची फनी पायजे होती, मी नाग केला!"

काकी दारात आल्या, त्या लोखंडाकडं पाहिलं. "मंग आता दूध पाज त्याला," म्हणाल्या, आणि तांदळाच्या भाकरीचं ताट माझ्यापुढं सरकवून आत गेल्या.

मी रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसलो होतो. भाकरी नुसती चिवडत होतो. "काका, उद्या सकाळी चर न्हाई पडला तर मला घरी धाडतील," एवढंच म्हणालो, आणि तेही नीट म्हणता आलं नाही. त्यांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी माझ्या त्या धुळीतल्या चित्रावरून बोट फिरवलं.

"तुज्या गावची माती फुटते," ते सावकाश म्हणाले. "इथं मुरुमाचा नुसता पापुद्रा हाय, खाली चिखल. तुजे तीन दात त्यात फिरतील न भाएर येतील, चिखल जागच्या जागी. केसांतून फनी फिरवली म्हनून केस कमी होतात का रं?" मग दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्या नाकापुढं धरली. "ह्यो घास घेल. उद्या मी येतो तुज्यासंगती."

ती वस्तू उलटी करून त्यांनी पाठीवर छिन्नी टेकवली. नागाच्या फण्यावर दहाचा आकडा नसेल तर तो नाग कसला, असं काहीसं पुटपुटत चार-सहा ठोके मारले. मध्येच विचारलं, "शिकलास कवरा?"

"आठवी."

"मंग ही घे तुजी दहावी. यात नापास नाय होनार."

सोमवारी दुकान बंद ठेवून ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून साइटवर आले. फण्याच्या आतल्या अंगाला त्यांनी जळकं ऑइल चोळलं. शेठ आले, बकेटीच्या मध्यावर डोलणारा तो प्रकार पाहून म्हणाले, "नाग लावलाय काय?" मी कुणाकडं न बघता बकेट कलती केली, चोच जमिनीला टेकवली, आणि ट्रॅक्टर अगदी मुंगीच्या पावलानं पुढं घेतला. सहा फुटांच्या धारेवर पसरून वाया जाणारा सगळा जोर त्या चार बोटांच्या टोकावर आला. मुरूम करकरला. क्षणभर पुढची चाकं हलकी झाली, माझं काळीजही. मग चोच आत गेली. बकेट वळवली तसा काळ्या गाळाचा एक अखंड घास फण्यात बसून वर आला, पुरणाचा गोळा तळहातावर यावा तसा, आणि बाजूला झटकताच ऑइलवरून सुळकन उतरला. मागं सरकलो, पुन्हा चोच टेकवली. तासाभरात दोन्ही चाकांच्या मधोमध गुडघ्याच्या वर खोल असा सरळ चर समोर पडत गेला होता. आणि तेव्हा हा वास आला, आज सकाळी आला तोच.

काका चराच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी गाळाचं एक ढेकूळ उचललं, बोटांत मळलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून जिभेच्या टोकाला लावलं. "अजून खारा हाय," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या वडिलांचं मिठागर नेमकं त्या सेक्टरात होतं, हे मला पुष्कळ दिवसांनी काकींकडून कळलं. त्या वेळी त्यांनी फक्त लुंगीला हात पुसले, उठले आणि शेठना म्हणाले, "लोखंड माजं, पन डोकं या घाट्याचं हां. असा फन मना सुचला नसता."

शेठनी मान हलवली. "चालू ठेव," मला म्हणाले, आणि पुढच्या साइटवर निघून गेले.

काकांच्या त्या एका खोट्यावर मी या गावात राहिलो. आमच्या दोघांच्या शब्दांमधली ती चूक त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही. आणि माणूस एरवी एवढा चेष्टेखोर, की अशी गोष्ट पोटात ठेवणं त्यांना जड गेलं असेल. पुढची सहा-सात वर्षं त्या फण्यानं किती चर मारले, गणती नाही. चोच बोथट झाली की दुकानात न्यायचो. घासून घासून पाठीवरचा दहा पुसट झालेला असायचा, तो ते दरवेळी न चुकता पुन्हा कोरायचे. "दहावी झिजली रं तुजी." शेवटच्या खेपेला छिन्नी दोनदा घसरली. मग हातोडी माझ्याकडं देऊन म्हणाले, "आता तूच लिव." मी लिहिला. माझा एक थोडा कलला आहे आणि शून्य पूर्ण मिटलं नाही, पण त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पास, म्हणाले.

ट्रॅक्टर विकला गेला तेव्हा शेठकडं मी एवढी एक वस्तू मागून घेतली. काका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी चार मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. फणा इथं माझ्या गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी उताणा पडलेला असतो. आकडा खालच्या बाजूला आहे. झाडताना उचलला की मला तेवढा दिसतो.

खाली यंत्र अजून चालू आहे आणि इतक्यात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. पेरणी तोंडावर आली, ट्रॅक्टरमागच्या पाभरीचे दात झिजलेत, काय करू म्हणाला.

"फन बदलून घे की," मी म्हणालो.

"काय बदलू?"

"फन रं, फन."

तिकडं तो हसायला लागला. "दादा, तू आता तिकडचाच झालास बघ," म्हणाला. तेवीस वर्षांचा असताना ज्या एका गोष्टीची मला रात्रंदिवस धास्ती होती, की इथून आपल्याला परत पाठवतील, तिचा निकाल भावानं असा जाता जाता फोनवर सांगून टाकला. मी शब्द सुधारला नाही. खालून खारट वास येत होता, तो घेत थोडा वेळ तसाच उभा राहिलो.