भिंत बाहेर पडली होती

माझी पोस्टिंग तेव्हा काश्मीरमध्ये, नियंत्रण रेषेवरच्या एका चौकीवर होती. मी नायब सुभेदार, चौकीचा कमांडर. समोरच्या डोंगरधारेवर शत्रूची चौकी. त्यांचे वाळत घातलेले कपडेही दिसत. युद्धबंदी चालू होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहणं, मग गस्त, बर्फ काढणं, चहा. दिवस असे जात.

परवा सुनेमुळे ते सगळं पुन्हा आठवलं. ती पनवेलच्या कॉलेजात इतिहास शिकवते. अमेरिका-स्पेन युद्धाची कारणं मला सांगत होती. क्युबातलं बंड, स्पेनचा जुलूम, अमेरिकेचा साखरेतला पैसा, पेपरांची चढाओढ. त्यात हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. शेकडो खलाशी गेले. सुरुंग स्पेननेच लावला, असं पेपरांनी ठरवून टाकलं आणि युद्ध पेटलं. पुष्कळ वर्षांनी अमेरिकेच्याच तज्ज्ञांनी सांगितलं, आग बहुधा जहाजाच्या कोळशाच्या कोठारातच लागली असावी.

मी म्हणालो, अशी एक दुपार मी पाहिली आहे. मग तिने मला वर्गात बोलायला नेलं. तिथे सांगितलं ते असं.

जेवणं चालू असताना मोठा स्फोट झाला. लंगरचा, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचा बंकर उडाला. लान्स नायक नरेश घरत जागीच गेला, दोघे जबर जखमी. सगळे आपापल्या खंदकात धावले. एलएमजी या मशीनगनवरच्या जवानाचा नरेश जिवलग दोस्त. त्याचं बोट ट्रिगरवर होतं.

“साहेब, फायर करू?”

“थांब.”

वायरलेस सेटवर कंपनी कमांडर विचारत होते, “एनिमी फायर कन्फर्म करो. ओव्हर.”

मी लंगरपाशी गेलो. शत्रूकडची भिंत बाहेर, त्यांच्याच दिशेला पडली होती. बाहेरून तोफगोळा आला असता तर ती आत कोसळली असती. मधोमध गॅसचा सिलिंडर फाटून पडला होता.

“निगेटिव्ह, सर. धमाका अंदर से हुआ. नो फायर. ओव्हर.”

एलएमजीवरचा जवान रडत होता. पण बोट त्याने काढलं.

जखमींना खाली न्यायची वाट समोरच्या चौकीच्या थेट माऱ्यात होती. आमची एक गोळी सुटली असती, तर त्या वाटेवर कुणी वाचलं नसतं. भर उन्हात आम्ही स्ट्रेचर उचलले. समोरचे बाहेर येऊन नुसते बघत राहिले. दोघेही जखमी जगले. एकाच्या लग्नात मी जेवून आलो. माझ्या नोकरीत मेडल मिळालेले दिवस आहेत, पण एवढी मोठी जीत दुसरी नाही.

नरेश पनवेलजवळच्या गव्हाणचा. त्याला घरी घेऊन मीच आलो. त्याच्या आईने विचारलं, “माज्या पोराला कुनी मारला?”

“कुनीच नाय, काकी. सिलिंडर फुटला.”

 मग ती म्हणाली, “मंग त्याच्यापायी दुसऱ्या कुनाचा पोर नाय ना मेला?”

“नाय.”

त्या दिवशी दोन्ही बाजूंना मिळून एकच माणूस गेला. लान्स नायक नरेश घरत, मुक्काम गव्हाण.