केळझरपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये

"फुटलं का लिंबू?" आजींनी केबिनच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून विचारलं.

"फुटलं, फुटलं!" मागून हौद्यातल्या सगळ्यांनी आरोळी ठोकली.

हौदा म्हणजे ट्रकचा माल भरायचा भाग. त्या दिवशी माल म्हणून मालकाचं अख्खं खानदान भरलं होतं. लेकी, सुना, जावई, शेजारीपाजारी आणि एक ढोलकीवाला. मालकांची आई, म्हणजे आजी, तेवढ्या माझ्या शेजारी केबिनमध्ये. नव्याकोऱ्या ट्रकची पहिली फेरी, ती केळझरच्या गणपतीला. बोनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक आणि स्टिअरिंगवर मी. गाडी नीट नेली की नोकरी पक्की. नाही नेली, तर दसऱ्यानंतर देवळीला भाऊजींच्या किराणा दुकानात गूळ फोडत बसायचं, हे बाबांनी ठरवूनच टाकलं होतं.

अडचण एकच होती. मला दुसऱ्या गिअरच्या पुढे ट्रक चालवता येत नव्हता.

हसू नका. सांगतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे ट्रक शिकायचा तर एखाद्या उस्तादाकडे क्लीनर म्हणून राहायचं. गाडी धुवायची, टायर ठोकून हवा बघायची, उस्तादाचा डबा आणायचा. त्याची मर्जी झाली की मग स्टिअरिंगला हात. मर्जी व्हायला वर्षं लागत आणि मला घाई. म्हणून वर्ध्यातल्या दोन ड्रायव्हिंग स्कूल पाहिल्या. एका ठिकाणी शिकवायला नुसती जीप. दुसरीकडे खराखुरा ट्रक, तोही लाल-हिरवा रंगवलेला. माझा जीव त्या रंगावर असा भाळला, की बाकी काही विचारायचं सुचलंच नाही.

तो ट्रक बंद पडलेल्या एका तेल मिलच्या आवारात असायचा. मास्तर त्याला फाटकाबाहेर काढतच नसत. "बाह्यर टायर घासते ना बाप्पा!" म्हणायचे. आवार एवढंसं. पहिल्यात निघा, दुसरा टाका, की समोर भिंत. मग रिव्हर्स. पुन्हा पहिला, दुसरा, भिंत, रिव्हर्स. रिव्हर्समध्ये मी इतका तयार झालो की दोन कडुनिंबांच्या मधून गाडी डोळे मिटून काढली असती. लायसन्सच्या परीक्षेतसुद्धा मैदानावर आठचा आकडा आणि रिव्हर्स. दणक्यात पास!

मग मालक शोधणं आलं. एका मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याने क्लीनरपासून सुरू कर म्हणून सांगितलं. तेवढ्यात कळलं, गावाबाहेरच्या नामदेवरावांनी स्वतःचा पहिला ट्रक घेतलाय. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले होते. आता स्वतःचा घेतला, तर डाव्या गुडघ्याने दगा दिला. क्लच दाबवेना. त्यांच्यासारखा जुना ड्रायव्हर आपल्याला चुटकीसरशी पकडणार, म्हणून मी घाबरतच गेलो.

त्यांनी अंगणात हात दाखवला. "हे बैलबंडी, अन् हे कडब्याची गंजी. मधून माघं घेऊन दाखव."

मला तर त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं! एका दमात गाडी मागे घेतली.

"वा रे पठ्ठ्या! ज्याले रिव्हर्स येते, त्याले सारंच येते. उद्या मायले अन् साऱ्याईले केळझरले घेऊन येजो. म्या एसटीनं पुढं जातो, पूजेचं पाहाले."

तिसरा काय, वाटेत येईल, असं मी मनाशी म्हटलं आणि रात्रभर मजेत झोपलो.

तर लिंबू फुटलं. ढोलकी सुरू झाली. गाडी रस्त्याला लागली. तेव्हाच्या ट्रकला गिअर बदलायचा म्हणजे डबल क्लच. क्लच दाबायचा, गिअर काढायचा, क्लच सोडायचा, परत दाबायचा, मग पुढचा गिअर टाकायचा. हे सगळं श्वासाच्या लयीत. मी एकदा प्रयत्न केला. कर्रर्र!

"काय मोडलं रे?" आजी दचकल्या.

"काई नाई आजी. नवी गाडी हाय."

गुपचूप दुसऱ्यात परत आलो. इंजिन बोंबलतंय, गाडी रांगतेय. दुधाचे कॅन लावलेल्या एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वर हात हलवला. हौद्यातले जावई सगळ्यांना समजावून सांगत होते, "नवं इंजिन असंच चालवा लागते. पोट्टा जाणकार दिसते." मला घामही येत होता आणि हसूही आवरत नव्हतं.

केळझरला नामदेवराव येरझारा घालत होते.

"काऊन रे, ट्रक आनला का बैलबंडी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मालक, मले तिसरा गिअर येत नाई."

"मंग लायसन कोनं देल्लं तुले?"

"रिव्हर्स पाहून देल्लं. तुमी बी रिव्हर्सच पाह्यली."

ढोलकी थांबली. एक सून पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मालकांचा चेहरा लालबुंद. "उतर खाली! म्या दुसरा पाह्यतो."

मला देवळीचा गूळ दिसायला लागला.

"थांब रे नामदेव," आजी म्हणाल्या. "मी एसटीत बसली, ओकली. जीपीत बसली, ओकली. तू चालवे तवा बी ओकली. आज पह्यल्यांदा मी रस्ता पाह्यला, शेतं पाह्यले. मले हाच पोट्टा पाह्यजे."

"माय, कापूस भरून हा नागपूरले कवा पोचन?"

"तं शिकव त्याले. गुडघा गेला तुहा, हात तं शाबूत हाय ना?"

पूजा झाली. परतताना मालक माझ्या डावीकडे बसले, आजी खिडकीशी. गिअरचा दांडा मालकांच्या हातात, क्लच माझ्या पायाखाली.

"दाब!" त्यांनी गिअर काढला. "सोड! दाब!" खट्कन तिसरा पडला. "सोड!"

गाडीने अशी उडी घेतली की मी ओरडलोच. मग चौथा. दाब, सोड, दाब, सोड! हौद्यातल्यांनी तेच उचललं, ढोलकीवाल्याने ताल धरला आणि अख्खा ट्रक "दाब! सोड!" म्हणत नाचायला लागला. वारा तोंडावर, झाडं पळताहेत, मालक खो खो हसताहेत. एवढा आनंद मला आयुष्यात फार कमी वेळा झालाय. सेलूच्या अलीकडे मालकांनी हात काढून घेतला आणि पुढचे गिअर माझे मीच टाकले. एकही करकरला नाही.

सेलू गेलं आणि आजींनी खिडकीबाहेर तोंड काढलं. ओकल्या.

मी घाबरून ब्रेकवर पाय नेला. "थांबू का आजी?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "नाई रे बाबू, जाऊ दे तशीच. सकाळी बसून बसून कंबर मोडली माही."

नामदेवरावांनी तो ट्रक विकेपर्यंत मी त्यांच्याकडेच राहिलो. पुढे मुलं मला विचारायला यायची, ट्रक कुठे शिकू, नोकरी कोणाकडे धरू. मी सांगायचो, स्कूलचा ट्रक पाहू नका, तो फाटकाबाहेर जातो का ते विचारा. आणि मालकाशी बोलायच्या आधी त्याच्या आईला भेटून या.