पोळा फुटेपर्यंत

आमच्या घरात कविता पुस्तकातून आली नाही, गोठ्यातून आली. नागपंचमी झाली की बाबा गव्हाणीत कुटार टाकता टाकता पुटपुटायला लागायचे. आई म्हणायची, "लागलं तुह्या बाबाले पोयाचं भूत." मग अमावस्येपर्यंत त्यांना काही विचारण्यात अर्थ नसे. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, तरी ते "थांब, यमक जाईन" म्हणून हात वर करायचे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याला सगळ्या गावाच्या जोड्या सजवून मारुतीच्या पारासमोर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभ्या करतात. तोरण तोडलं की पोळा फुटला. पण त्याआधी झडत्या होतात. एकानं आपल्या जोडीजवळून दोन ओळी हाणायच्या, शेवटी "हर बोला हर हर महादेव" म्हणायचं, सगळ्या गावानं ते उचलायचं, की दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. देवाची झडती, पिकापाण्याची झडती, आणि खरी मजा म्हणजे एकमेकांची झडती. सरपंचाला म्हणा, सावकाराला म्हणा, मेव्हण्याला म्हणा, पोळा फुटेपर्यंत कोणी राग मानायचा नाही. फुटल्यावर मात्र तोंड आवरायचं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

या कायद्याचा आमच्या घराइतका उपयोग कोणी केला नसेल. बाबा थोरले आणि काका धाकटा, सख्खे भाऊ, वर्षभर एकमेकांशी बोलत नसत. आजोबांनी रिसोडच्या बाजारातून गोऱ्हे असताना आणलेली एक जोडी होती, दोन्ही बैल पांढरे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. आजोबा गेले, वाटणी झाली. वावर वाटलं, घर वाटलं, आणि जोडीवर येऊन गाडी अडली. दोघांनाही ती अख्खी पाहिजे होती. शेवटी चार शहाण्या माणसांनी एकेक बैल दोघांना देऊन टाकला. असा शहाणपणा चार माणसं जमल्याशिवाय होत नाही. नव्या जोडीदारासोबत जुंपलं की आमचा बैल मान वाकडी करायचा, काकाचा जागेवरच बसायचा. तुझ्यामुळं जोडी फुटली, असं हा म्हणाला आणि तोही तेच म्हणाला. ते त्यांचं शेवटचं साधं बोलणं. मी तेव्हा चौथीत होते.

त्या वर्षीच्या पोळ्यात काकानं तोरणाखालून आवाज टाकला:

"जोडी होती देखणी, वाट्यात केली दोन,
माहा बैल इचारते मले, तुहा भाऊ कोन?"

बाबांनी टोपी मागं सारली आणि म्हणाले:

"बैल बिचारा मुका, त्याले कायचा हिसा?
हिसा मांगनाऱ्याचा सदा फाटका खिसा!"

हर बोला झालं, लोक पोट धरून हसले. तेव्हापासून दरवर्षी लोक पोळ्याला येत ते आधी या दोघांसाठी, मग बैलांसाठी. मी मात्र हसू शकत नव्हते. मी दोघांच्या तोंडाकडं पाहायची. बाबा उत्तर द्यायचे तेव्हा काकाच्याच डोळ्यात पाहायचे, आणि वर्षात तेवढंच. तोरण तुटलं की दोघंही माना फिरवून आपापल्या गल्लीला लागत.

आई आणि काकू विहिरीवर गुपचूप बोलायच्या, त्यामुळं कोणाच्या घरी काय शिजलं हे दोन्ही घरांना ठाऊक असे. पण बातमी कळणं वेगळं आणि भावानं सांगणं वेगळं. चुलत बहिणीचं लग्न जमलं हे आईला आठवडाभर आधीच माहीत होतं, बाबांनाही होतं. तरी बाबा थांबून राहिले. पोळ्यात काका बोलला:

"तुळस लागली की माह्या दारी पडन मांडो,
मोठ्यानं यावं जेवाले, राग घरी सांडो."

बाबांनी आधी वर तोरणाकडं पाहिलं, मग काकाकडं:

"मांडोले आंबा पाह्यजे, तोरनाले पान,
बलावनं आलं भरल्या पोयात, राखतो त्याचा मान."

आणि ते लग्नाला गेले. अक्षता टाकल्या, पंगतीत बसले, पुतणीच्या हातात लुगडं ठेवलं आणि एक शब्द न बोलता परत आले. काकानंही वाढताना "घ्या" म्हटलं नाही, नुसती बुंदी दोनदा वाढली.

पुढं मी मास्तरीण झाले. लग्न होऊन आमच्या वाशीमजवळच्या मालेगावकडं गेले आणि बदल्यांच्या चक्रात फिरत फिरत माहेरच्याच गावची शाळा पदरात पडली. कवितेचं वेड बाबांचंच, ते मी शाळेत लावलं. आमच्या पोरांना तालुक्याच्या काव्यवाचन स्पर्धेला नेत असे. जीपमध्ये कोंबून न्यायची, परतताना ओकाऱ्या धुवायच्या. वर्गाच्या बाहेरच्या भिंतीला काळा रंग देऊन कवितेची भिंत केली, त्यावर दर सोमवारी पोरांनी स्वतः केलेली कविता. पण पोरं कविता म्हणजे दोन्ही हात हलवून, मान डोलवून, एका सुरात म्हणायची गोष्ट असं समजत. फूल आलं की हाताचं फूल, पाखरू आलं की हाताचं पाखरू. मला चीड यायची. अरे, कोणाला तरी सांगायचं असतं रे, म्हणून ती म्हणायची! हे मी त्यांना कसं शिकवणार? माझ्या डोळ्यासमोर तर तोरणाखाली उभे असलेले दोन भाऊ होते.

म्हणून मी पोळ्यात झडत्यांची स्पर्धा घ्यायचं ठरवलं. गावात जोड्या कमी झाल्या होत्या, ट्रॅक्टरच्या धाकानं तोरणाची ओळ वर्षागणिक आखूड होत चालली होती, आणि बैल नाही त्याला तोरणाखाली उभं राहता येत नाही. स्पर्धेत बैल नसलेल्यानंही यावं, पोरांनी यावं, बायांनी यावं, असा माझा बेत. गावातलं तरुणांचं मंडळ तयार झालं, पण त्यांनी नियम काढले. विषय "पाणी वाचवा". वेळ तीन मिनिटं. वैयक्तिक टीका नको. परीक्षक म्हणून वाशीमचे एक प्राध्यापक, आणि बक्षिसाला प्रेशर कुकर. "वैयक्तिक टीका नाही तर झडती कशाची?" असं मी भांडले. "म्याडम, आता जमाना वेगळा हाये," असं मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. तो माझाच विद्यार्थी, काय बोलणार!

हे सगळं चाललेलं असताना खरा घोर मला वेगळाच होता. त्या उन्हाळ्यात बाबांनी जोडी विकली होती. गुडघे गेले, नांगरामागं चालवेना, वावर ट्रॅक्टरनं होऊ लागलं. बैल गाडीत चढवताना ते गोठ्यातच बसून राहिले. नागपंचमी आली, गेली, पुटपुटणं नाही. मी म्हटलं, "बाबा, स्पर्धेत नाव देऊ का? बैल लागत नाही."

"बैल नाही तं झडती कायची? रिकाम्या हातानं काय भीक मांगू तोरनात?"

"काकाला काय सांगाल मग?"

ते बाजेवर कूस बदलून झोपले. आई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "औंदा नाही बोलले तं पुढच्या साली कायच्या तोंडानं बोलतीन वं?" तिचं खरं होतं. त्या दोघांमध्ये एवढंच एक दार उरलं होतं आणि ते आता बंद होत होतं. मला प्रेशर कुकर कोणी नेला तरी चालणार होता.

पोळ्याच्या दिवशी स्टेज पाराच्या बाजूला होतं आणि भोंगा शाळेच्या लिंबावर. त्याचा आवाज आमच्या घरापर्यंत जातो हे मला चांगलं ठाऊक होतं, मीच तो तिकडं तोंड करून बांधायला लावला होता. पोरांनी नळाच्या, हौदाच्या झडत्या म्हटल्या, एकीनं तर ग्रामपंचायतीच्या टाकीला चांगलंच धुतलं. प्राध्यापक गुण मांडत होते. काकाचं नाव यादीत नव्हतं. तो तोरणाखाली आपल्या जोडीजवळ उभा होता आणि सारखा आमच्या गल्लीकडं पाहत होता. शेवटी त्यानं हात केला. माईकची वायर तिथपर्यंत पुरेना, तर पठ्ठ्यानं जोडीच हाकत स्टेजपाशी आणली. गोंडे लटकलेले बैल परीक्षकांच्या टेबलाशी, आणि प्राध्यापक खुर्ची मागं सारून बसलेले.

"पानी वाचवा, पानी वाचवा, सांगून राह्यली बाई,
मोठ्याची गव्हान कोरडी पडली, धनी दिसत नाही!"

बाई म्हणजे मी. लोक हसले. काका हसला नाही.

"बैल इकले तं इकले लेका, जीभ बी इकली का?
भरल्या पोयात मी एकला, तू घरात लपला का?"

हर बोला म्हणायचंही त्याला सुचलं नाही, गावानंच म्हटलं. प्राध्यापकांनी घंटी वाजवली आणि माझ्याकडं वाकून म्हणाले, "विषयांतर. शिवाय वैयक्तिक टीका." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? माझे कान गल्लीकडं होते.

घरी काय झालं ते आईनं मागाहून सांगितलं. भोंग्यातून "लपला का" आलं आणि बाबा बाजेवरून उठले. चहाची बशी तशीच. सदऱ्याची एक बाही घातलेली, दुसरी मागं लोंबत, आणि टोपी घेऊन मागं मागं आई, असे ते पाराशी आले. गर्दी बाजूला झाली. तोरणाच्या कडेला येऊन मात्र ते थांबले. बैल नसलेल्या माणसाची ती हद्द होती. तोरण तोडायचा मान असलेल्या म्हाताऱ्यानं काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका स्टेजपासून जोडी परत तोरणाखाली घेऊन आला आणि त्यानं एका बैलाचा कासरा बाबांच्या हातात दिला. एक कासरा ह्याच्याकडं, एक त्याच्याकडं. कितीतरी वर्षांनी एका जोडीला दोघं भाऊ उभे होते.

बाबांनी माईक नाकारला.

"जीभ नाही इकली लेका, गुडघे गेले माहे,
पानी वाचवा म्हनते पोरगी, डोयात कुठं राहे?"

हर बोला कोणी म्हटलं, कसं म्हटलं, मला आठवत नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. प्राध्यापक म्हणाले, "हे अगदी विषयाला धरून झालं, पण यांचं नाव नोंदवलेलं नाही." कुकर टाकी धुणाऱ्या पोरीला मिळाला.

मग तोरण तुटलं, पोळा फुटला, धुरळा उठला. मला खरी धास्ती होती ती आता पुढं काय होतं याची. दरवर्षी याच घडीला माना फिरत. पण बाबांच्या हातात कासरा होता आणि बैल काकाचा होता, तो गोठ्यापर्यंत पोचवणं भाग होतं. दोघं चालायला लागले, मध्ये जोडी, मागं आई आणि मी. देवळाच्या वळणावर काका म्हणाला, "याचा मांगचा पाय सुजून राह्यला. हयद लावली, उतरत नाही."

बाबा वाकले, गुडघ्यावर हात ठेवून खूर पाहिला. "काटा असन. आंबेहयद लाव, अन् उद्या सकायी मले बलावजो, काढू."

पोळा केव्हाचा फुटला होता आणि ते अजून बोलत होते. आईनं माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

आता रोज सकाळी बाबा काठी टेकत काकाच्या ओट्यावर जाऊन बसतात. बैल काकाचेही गेले. दोघं चहा पितात आणि पावसावरून, सोयाबीनच्या भावावरून, कुठल्याही फालतू गोष्टीवरून वाद घालतात. आमची स्पर्धा मोठी झाली, शेजारच्या गावांच्या शाळा येतात, विषयाची अट मी भांडून काढायला लावली. पोरं आता हाताचं पाखरू करत नाहीत, समोरच्याच्या डोळ्यात पाहून म्हणतात. पण त्या दोघांसारखी झडती कोणी म्हणत नाही, आणि पोळा जवळ आला की त्या पुटपुटण्याची मला फार आठवण येते.

दरवर्षी मी ओट्यावर जाते आणि हात जोडते, एक तरी म्हणा, पोरांना ऐकू द्या. बाबा हसून काकाकडं पाहतात. काका म्हणतो, "आता कायले वं बाई? आता तं बोलता येते."