उमाताई खांबेटे आणि रडणाऱ्या मुलांची खोली

उमाताई खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट सियालदह स्टेशनवर झाली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी तेव्हा तिथले फलाट भरून गेले होते. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. त्या दिवशी बातमीदार आजारी पडला म्हणून मला पाठवले होते. गाठोड्यांमधून वाट काढत मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांचे गाव विचारत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी स्वच्छ मराठीत पुटपुटले, "आता हा बाबा बाजूला झाला तर दूध पुढं जाईल." मी वळून मराठीतच क्षमा मागितली. पन्नाशीच्या आसपासच्या, जाड काचांचा चष्मा लावलेल्या त्या बाई जराही ओशाळल्या नाहीत. "मराठी आहात ना? मग धरा," असे म्हणून त्यांनी दुधाच्या पातेल्याचा एक कान माझ्या हातात दिला. त्या दिवशीची बातमी मी फार उशिरा लिहिली.

उमाताईंनी परिचारिकेचे शिक्षण पुण्यात घेतले. श्री. खांबेटे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. त्यांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा ताईही इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचे बंगाली व्याकरणाने पक्के आणि उच्चाराने सदाशिव पेठी आहे. मुलीचे लग्न होऊन गेल्यावर, ज्या वयात बाकीच्या बायका दुपारी थोडे पडायचे म्हणतात त्या वयात, ताई निर्वासितांच्या छावणीत रोज जाऊ लागल्या. छावणीतले डॉक्टरबाबू राणीगंजकडच्या कोळशाच्या पट्ट्यातले. आपल्या गावची एक गोष्ट त्यांनी ताईंना सांगितली आणि ताई ती बघायला गेल्या. त्यानंतर सोमवारी सकाळी हावड्याहून गाडी पकडायची आणि शनिवारी परत यायचे, असा क्रम सुरू झाला. श्री. खांबेटे कलकत्त्याच्या आमच्या मराठी मंडळात सांगत, "आमचा संसार रेल्वेच्या वेळापत्रकावर चालला आहे. शनिवारची गाडी उशिरा आली की माझं लग्न तेवढं पुढं ढकललं जातं." एस्प्लनेडला ट्राममधून उतरून ते एका खाणावळीत जेवत आणि तिथल्या वरणाविषयी पत्नीला सविस्तर पत्रे लिहीत.

ताईंनी मलाही तिकडे बोलावले. "बघायला या. लिहू नका," एवढेच म्हणाल्या.

त्या भागाचा कारभार एका युनियन बोर्डाकडे होता. आपल्याकडच्या लोकल बोर्डाचे ते धाकटे भावंड म्हणावे. पाच-सात खेड्यांचे रस्ते, विहिरी, चौकीदार बोर्डाने बघायचे. पण या खेड्यांच्या पोटातून पणजोबांच्या काळापासून कोळसा निघत आलेला. शेताच्या मध्येच सोडून दिलेल्या खाणीचे तोंड आणि त्याभोवती पडकी भिंत. विहिरींचे पाणी खाणीने ओढून घेतलेले, घरांच्या भिंतींना खालपासून वर गेलेल्या भेगा. बोर्डाची कचेरीसुद्धा संपलेल्या एका खाणीच्या इमारतीत होती. तिथली माणसे या साऱ्याकडे आपण नदीच्या पुराकडे बघतो तसे बघत होती. आहे ते आहे.

ताईंनी मला वॅगन भरण्याच्या जागी नेले. लढाईच्या काळात बायकांना खाणीत उतरू देत. लढाई संपल्यावर ते पुन्हा बंद झाले आणि त्या वर, उन्हात, डोक्यावरून कोळसा वाहू लागल्या. त्यांना तिकडे कामिन म्हणतात. मैदानाच्या कडेला एका झाडाखाली त्यांची तान्ही मुले ठेवलेली होती. कोणी चिंध्यांवर, कोणी कोळशाच्या टोपलीत. काही उघड्या डोळ्यांनी पडली होती. तोंडावर माश्या बसत होत्या. पलीकडे वॅगनमध्ये कोळसा आदळत होता, आणि इतक्या मुलांतून एकही रडत नव्हते. मला घरी दोन मुले. मी सहज म्हणालो, "किती शांत मुलं आहेत."

ताई खाली बसल्या, एका मुलाची पापणी बोटाने वर केली आणि मला जवळ बोलावले. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"अफू," त्या म्हणाल्या. "सकाळी कामावर येताना देतात. सगळ्यांना."

वर्तमानपत्राच्या धंद्यात माणूस फारसा हादरत नाही. दंगलीच्या दिवसांत मी कलकत्त्याच्या रस्त्यांवर पुष्कळ पाहिले होते. पण ते माणसांनी द्वेषाने केलेले होते. हे आयांनी मायेने केलेले होते, आणि ते मला पचवता येईना.

परत येताना ताईंच्या ओळखीची एक कामिन भेटली, फुलमणी. मी तिला विचारले असावे, आणि माझ्या विचारण्यात थोडा राग असावा. तिने शांतपणे उत्तर दिले. तिच्या आईने तिला दिली होती, आजीने आईला. मूल रडले की आई हातातले टोपले टाकून जाते, आणि तसे दोनदा झाले की मुकादम घरी पाठवतो. मग म्हणाली, "बाबू, तुमच्याकडं मुलं रडली तर कोण घेतं?" उत्तर तिला माहीत होते.

ताईंच्या कामाची पद्धत मला इथे पहिल्यांदा कळली. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. युनियन बोर्डाच्या कचेरीला लागून एक खोली होती. खाण चालू असताना तिथे दिवे ठेवीत. ती त्यांनी बोर्डाकडून मागून घेतली, चुना लावला, पाळणे टांगले आणि आयांना सांगितले, मूल इथे ठेवा आणि अफूची गोळीही इथेच ठेवा. दारात एक पत्र्याचा डबा होता. गोळी ही आईची वस्तू. संध्याकाळी मुलाबरोबर उरलेली गोळी परत मिळेल, असे वचन होते. मधल्या वेळात डॉक्टरबाबूंनी आखून दिल्याप्रमाणे ताई स्वतः मुलांना अफू देत, दर थोड्या दिवसांनी आधीपेक्षा कमी. पुण्याच्या इस्पितळात शिकलेली बाई सुईच्या टोकावर अफू घेऊन तान्ह्या मुलाच्या जिभेला लावते आहे, हे दृश्य पाहून मी पुन्हा हबकलो. त्या म्हणाल्या, "एकदम तोडली तर मरतील. सवय यांनी लावून घेतलेली नाही."

अफू कमी होताच मुले रडू लागली. उलट्या, जुलाब, घाम, आणि रडणे. पलीकडच्या खोलीत बोर्डाची सभा भरत असे. बोर्डाचे प्रेसिडेंटबाबू म्हणजे भाताच्या गिरणीचे मालक, सज्जन आणि जरा आवाजी गृहस्थ. एका सभेतून उठून ते छत्रीसकट ताईंच्या दारात आले. मी तिथेच होतो.

"दीदीमणी, झाडाखाली ही मुलं गपचूप पडून असायची. तुम्ही आणल्यापासून गावात बोंब आहे. तुम्ही यांना करता तरी काय?"

ताईंनी त्यांना बसायला दिले आणि त्यांच्या नातवाची चौकशी केली. बाबू खुलले. नातू वर्षाचा होत आला होता.

"रडतो का हो?"

"रडतो? घर डोक्यावर घेतो. माझ्यावर गेलाय," बाबू कौतुकाने म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. त्यांनी पाळण्यांकडे पाहिले. नंतर त्यांनी बोर्डाची सभा आपल्या गिरणीत भरवायला सुरुवात केली.

इथपर्यंतची हकीकत मंडळातल्या बहुतेकांना माहीत आहे. पुढची नाही. ती त्यांच्या साठीनिमित्तच्या या लेखात लिहू का, असे मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ती गाळणार असाल तर लेख देऊ नका."

सोना नावाची एक कामिन होती. तिचा मुलगा रांगायला लागलेला. खोलीत येऊन त्याला काही आठवडे झाले होते आणि त्याची अफू जवळजवळ सुटली होती. पण रडून रडून तो वाळला होता. सोनाची सासू म्हणाली, त्या परदेशी बाईच्या खोलीत पोराला बाधा झाली. एका संध्याकाळी सोनाने सांगितले की उद्यापासून तो येणार नाही. ताईंनी खूप समजावले, गोळी देऊ नकोस म्हणून विनवले. तिने नकारार्थी मान हलवली आणि डब्याकडे हात केला. वचनाप्रमाणे ताईंनी त्या दिवशीची गोळी तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या सकाळी सोनाने मुलाला पूर्वीएवढीच गोळी दिली आणि झाडाखाली निजवले. त्याचे शरीर आता तेवढी अफू सोसणारे राहिले नव्हते. दुपारी ती दूध पाजायला गेली तेव्हा तो गार झाला होता.

मी त्याच दुपारी कलकत्त्याहून पोहोचलो. बोर्ड कचेरीत जमले होते. बाहेर कामिनी मुले छातीशी धरून उभ्या होत्या. सोना भिंतीला टेकून बसली होती. प्रेसिडेंटबाबूंच्या बोलण्यात ताईंविषयी काळजी होती. त्यांचे म्हणणे सरळ होते. मूल खोलीत मेलेले नाही. आईने मूल काढून नेले, आईने गोळी दिली. पोलिसांना तेवढेच कळवायचे. खोलीवर डाग नको, दीदीमणींवर नको. सभासदांनी माना डोलावल्या. मलाही, खरे सांगायचे तर, ते व्यवहाराचे वाटले.

ताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता.

"गोळी मी दिली. त्याची सवय मी मोडली होती, तेव्हा जुनं माप त्याला विष होणार हे मला कळायला हवं होतं. मी नर्स आहे. देऊ नकोस म्हटलं, पण दिलीस तर मरेल, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. कळवायचं तर माझं नाव कळवा."

बाबूंनी दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवले होते. दुसऱ्याच्या चुकीसाठी पुढे होणारी माणसे मी पाहिली होती. स्वतःला सहज सोडवून घेता येत असताना स्वतःची चूक भरसभेत इतक्या साध्या शब्दांत मांडणारे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि नंतरही नाही. सभासदांपैकी एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने रडू लागले. बोर्डाने आईचे नाव घेतले नाही, ताईंचेही घेतले नाही. निरोप मिळून गावी आलेल्या डॉक्टरबाबूंनी घडले तसे लिहून ठाण्यावर दिले. पण खोलीला त्या संध्याकाळी कुलूप लागले, आणि किल्ली ताईंनी स्वतःच बाबूंच्या हातात दिली.

त्यांनी सामान बांधले. सकाळच्या गाडीने आम्ही परत निघणार होतो. कामाचा भोंगा वाजला तेव्हा कामिनी वॅगनकडे गेल्या नाहीत. मुलांना घेऊन त्या कुलूपबंद दारासमोर येऊन बसल्या. मुकादम ओरडला, मग खाणीचा कारकून आला, मग सायकलवरून बाबू आले. फुलमणीने त्यांना सांगितले, "झाडाखाली ठेवणार नाही. इथं ठेवू. रडली तर रडू देत." बाबूंनी ताईंकडे पाहिले. ताईंनी बायकांच्या पलीकडे पाहिले. तिथे सोना बसली होती, हात रिकामे. तिने मान वर केली नाही, पण उठूनही गेली नाही.

कुलूप निघाले. पत्र्याचा डबा ताईंनी दारातून काढला. त्या दिवसापासून खोलीत आलेली गोळी बाहेर गेली नाही, आणि मूल न्यायला आलेल्या प्रत्येक आईला, ऐकणारीला कंटाळा येईपर्यंत, ताई तेच सांगत राहिल्या. जुने माप आता याला मारील. आज त्या बोर्डाच्या हद्दीत अशा तीन खोल्या आहेत. फुलमणी त्यांतली एक चालवते आणि ताईंवर हुकूम सोडते.

ताईंनी माझ्या घरावर केलेले उपकार सांगायला मी संकोचतो, तरी एक सांगतो. माझी पत्नी विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती तेव्हा ताईंनी आमचा धाकटा आपल्या दोन खोल्यांत महिनाभर सांभाळला. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "फार रडका आहे हो तुमचा मुलगा. छान आहे." श्री. खांबेटे आतून म्हणाले की छान कोणाला, झोप माझी गेली.

दोन वर्षांनी सोनाला दुसरा मुलगा झाला. तो दीड महिन्याचा असताना ती खोलीवर आली. ताई दारातच उभ्या होत्या. त्यांना वळसा घालून ती आत गेली, मूल फुलमणीच्या हातात दिले आणि कामाला निघून गेली. रोज तसेच. तिने ताईंना ना दोष दिला, ना क्षमा केली; आजतागायत ती त्यांच्याशी बोललेली नाही. ताई तिच्या वाटेतून बाजूला होतात. एकदा मी तिच्या या हट्टाविषयी काही बोललो तर त्या मला रागावल्या. "मूल आणते ना? याहून जास्त तिनं मला काय द्यायचं?"

येत्या महिन्यात उमाताई साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. कलकत्त्यातल्या आम्हा मराठी मंडळींची इच्छा आहे की त्यांची सोमवारची गाडी आणखी पुष्कळ वर्षे चुकू नये, गुडघे आणि डोळे त्यांच्या हुकमात राहावेत, आणि श्री. खांबेटे यांना खाणावळीच्या वरणाविषयी तक्रार करायला त्या दर शनिवारी समोर असाव्यात. एक मागणे माझे स्वतःचे आहे. सोना ज्या दिवशी त्यांच्याशी एखादा शब्द बोलेल, रागाचा का असेना, तो ऐकण्याएवढे आयुष्य आणि आरोग्य त्यांना लाभो.